दुप्पट थेंब

"हे पाहा माझ्या भाचीचं विष," असे म्हणत त्या बाईंनी पिशवीतून खेळण्यातले एक पातेले काढले आणि चिमटाबाईंच्या टेबलावर पालथे केले.

खडखड करीत बिस्किटे पसरली. एक घरंगळत कडेला गेले, खाली पडले, आणि फुटले नाही.

चिमटाबाईंनी आधी बिस्किटांकडे पाहिले, मग समोरच्या बाईंकडे. बालसंरक्षण कार्यालयात केस पांढरे केल्यावर एक गोष्ट त्यांना पक्की उमगली होती. संशय हा आगंतुक पाहुणा आहे. तो जेवल्यावाचून उठत नाही, आणि बसतो मात्र बहुधा भलत्याच्याच पानावर. 'चिमटाबाई' हे नाव सहकाऱ्यांनी त्यांच्या माघारी ठेवले होते. धरले की सोडायचे नाही, म्हणून. त्यांना ते ठाऊक होते, आणि मनातून आवडतही होते.

"कुठं सापडली?"

"पोरीच्या पलंगाखाली. तिच्या भातुकलीच्या भांड्यांत. आमची भावजय बेकरीत कामाला आहे. आता याहून वेगळं काय सांगायचं?"

"सगळंच सांगा. मी मंद आहे असं समजून सांगा."

बाई खुर्चीत ताठ बसल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. कपड्यांची घडी आणि शब्दांची घडी सारखीच कडक. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले होते. निवृत्त होताच त्याच्या घरी राहायला आल्या, त्या भाचीसाठी. मुलीचे घरचे नाव टिटवी. कारण ती जन्मल्यापासून तिचा आवाज तीन मजले ऐकू येई.

"तिला उपजत आजार आहे. दूध, अंडं, पाव, काही पोटात गेलं की रक्तात विष चढतं. डॉक्टरांनी तीन नावं सांगितली. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन. मी ती लाल अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावली. पोरीकडून गाणं म्हणून पाठ करून घेतली. तीन शत्रू! माझ्या शाळेत नियम म्हणजे नियम होता, त्याला अपवाद नव्हता."

"औषधपाणी कोण देतं?"

"सकाळी भावजय बेकरीत पळते, म्हणून मीच. मी येण्याआधी ती औषध देताना घरभर तमाशा व्हायचा. माझ्यापुढं पोरीनं एकदाही तोंड वाकडं केलेलं नाही. शिस्त लागते हो, लावणारा हवा." त्यांचा आवाज क्षणभर कापला. "तरी ती वाळत चालली. मी सगळं बंद केलं, तरीही. म्हणजे चोरून देणारं कोणीतरी घरातच असणार ना?"

टिटवी आता इस्पितळात होती, आणि याच बाईंच्या तक्रारीवरून आईला वॉर्डात जायला बंदी झाली होती. आणि आज संध्याकाळी समिती बसणार होती : टिटवी आईच्या ताब्यात राहणार, की आत्याच्या? शिफारस चिमटाबाईंनी करायची होती.

तेवढ्यात फोन वाजला. इस्पितळातले तरुण वॉर्ड डॉक्टर बोलत होते.

"मॅडम, आजची रक्ततपासणी आली. विष उतरायचं नाव घेत नाही. पोरगी हाकेला ओ देईनाशी झालीय."

"आणि आई?"

"आईला वॉर्डाचं दार बंदच आहे, तुमच्याच आदेशानं. दाखल केल्यापासून तिनं मुलीला पाहिलेलंही नाही."

चिमटाबाईंनी फोन ठेवला. टेबलावरचे एक बिस्कीट उचलले, उजेडात फिरवले, दुसरे उचलले, तिसरे. मग सगळी पातेल्यात परत भरली.

"चोर बाहेर काढला," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "आणि चोरी चालूच आहे."

*

वॉर्डाच्या दाराशीच वास आला. गोड, करपट, कढईत साखर जळावी तसा.

"हा त्या आजाराचाच वास," वॉर्ड डॉक्टर म्हणाले. झोप न झालेला, पण मनाने सरळ माणूस. या आजारातले मोठे तज्ज्ञ परगावी होते. सारा भार याच्यावर आला होता. "घामाला, लघवीला येतो. प्रथिनं पचली की त्यांचे लहान लहान घटक होतात. त्यांतल्या या तिघी सख्ख्या बहिणी. कामाच्या राहिल्या नाहीत की तिघी एकाच वाटेनं मोडीत निघतात, आणि त्या वाटेवर जकातीचं नाकंही एकच. हिच्या शरीरात ते नाकं जन्मापासून बंद आहे. मग त्या तुंबतात. ल्युसीन तुंबली की मेंदूवर जाते."

"मग तिघींना हद्दपारच का करत नाही?"

"तसं नाही करता येत. शरीराला त्या स्वतः बनवता येत नाहीत, आणि त्यांच्यावाचून हाडामासाचं काही बांधताही येत नाही. म्हणून नेमकं मोजून द्यायचं. जास्तही नाही, कमीही नाही."

"आज तिघी किती?"

"ल्युसीन भरमसाट. आयसोल्युसीन ठीक आहे. व्हॅलीन मात्र तळाला गेलीय. हिला व्हॅलीनचे थेंब आधीपासूनच चालू होते, ते मी दुप्पट केले. पण ती उठत नाही." त्यांनी डोळे चोळले. "आम्हाला चिंता ल्युसीनची आहे. ती बाहेरून आल्याशिवाय एवढी चढणार नाही, असं मला वाटतं."

खाटेवर टिटवी पडली होती. एवढीशी. नाकात नळी. ओठांच्या कडांना लाल चिरा. केस कानाच्या वर कापलेले, आणि त्यांतूनही कवटी दिसत होती.

"हे केस कोणी कापले?"

"आईनं," खाटेजवळची परिचारिका म्हणाली. तिचे काम आणि तोंड एकाच वेळी चालत असे. "आत्याबाई सांगत होत्या. एवढे लांब केस, रागाच्या भरात कापले म्हणे. पण पोर गुणाची हो, मॅडम! आली तेव्हा शुद्धीत होती. ते संत्र्याच्या चवीचं तापाचं औषध माझ्या अंगावर थुंकली, हे बघा, डाग गेला नाही अजून. पण घरचे थेंब दिले, तर हूं नाही की चूं नाही. गटकन गिळले."

"घरचे थेंब?"

"त्यांची पूड दुरून मागवावी लागते, आमच्याकडं नसते. आत्याबाईंनी घरची बाटली आणून दिली. आता नळीतून घालतो."

उशाशी तपकिरी बाटली होती. चिमटाबाईंनी ती हातात घेतली, खाली ठेवली. त्यांच्या मनात काहीतरी हलले, पण त्याला अजून नाव नव्हते.

टिटवीचे ओठ पुटपुटले. त्यांनी कान जवळ नेला. पोर गाणे म्हणत होती, श्वासाच्या आवाजात. तीन नावांचे गाणे.

*

बाहेरच्या बाकावर मुलीचा बाप बसला होता. लिफ्ट दुरुस्त करणारा कारागीर. बोटांच्या पेरांत वंगण मुरलेले.

"तुम्हाला काय वाटतं? बायकोनं खायला दिलं?"

"मला काय वाटायचं, मॅडम? अक्कानं मला आईच्या जागी वाढवलं. आणि हिच्याशी मी प्रेमानं लग्न केलंय. माझी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकलीय. वरचं बटण दाबतात, खालचंही दाबतात."

"आणि तुम्ही आत बसून राहिलात."

त्याने मान खाली घातली. "दोघीही माझ्या पोरीवर जीव टाकतात. हे मात्र मी लिहून देतो."

"थेंबांची बाटली कोण भरतं?"

"पूड माझी बायको भिजवते. सुट्टीच्या दिवशी, उकळून गार केलेल्या पाण्यात, आठवड्याची एकदम. पुड्या कपाटात असतात, किल्ली हिच्याकडं. पोरीच्या हाती लागू नये म्हणून."

"तुमच्या बहिणीनं कधी त्यात लक्ष घातलं?"

तो घुटमळला. "आली तेव्हा एकदा म्हणाली, शत्रूचं नाव बाटलीवर कसं? मीच जरा चिडून बोललो. म्हटलं अक्का, डॉक्टर शिकलेत, तू मधे पडू नकोस. तेव्हापासून तिनं चकार शब्द काढला नाही."

"रागावल्या?"

"अक्का रागावत नाही," तो म्हणाला. "ती गप्प होते."

*

बेकरी घराच्या मागच्याच गल्लीत होती. आत भट्टीची धग, आणि तोच वास : करपलेल्या साखरेचा. चिमटाबाई उंबऱ्यातच थबकल्या.

टिटवीची आई पीठ तिंबत होती. वर न पाहताच म्हणाली, "पोरीला घरी न्यायची परवानगी आणलीत, की माझ्या हातात बेड्या घालायच्यात?"

"अजून ठरलेलं नाही. काम थांबवू नका. हात चालू असले की माणूस खरं बोलतं."

"मी हात थांबवूनही खरंच बोलते."

चिमटाबाईंना ते उत्तर आवडले. त्यांनी पातेले पुढे केले. "ही बिस्किटं?"

आई हसली, ते हसू रडण्याच्या फार जवळचे होते. "बाहुल्यांची आहेत ती. करपलेली, दगड झालेली मी खेळायला नेते. तिला विचारा, 'ही माझी नाहीत, बाहुलीची आहेत,' म्हणेल. भूक लागली तरी स्वतः तोंडाला लावायची नाही. वन्संनी ते गाणं इतकं पाठ करून घेतलंय, की शेजारणीनं फुटाणा दिला तरी मूठ आवळून घरी आणते."

"मी पाहिली सगळी. एकावरही दाताची खूण नाही. केस का कापलेत?"

"कंगव्यात यायला लागले, मूठमूठ. लांब असले की गळताना जास्त दिसतात. तिला आरसा बघायची हौस. म्हणून कापले." तिचे हात थांबले. "त्या वासानं माझा घात केला, बाई. घरी गेले की माझ्याच अंगाला हा वास. माझा कुठला आणि तिचा कुठला, मला वेळेवर कळलंच नाही. वन्संनी सांगितलं तेव्हा पोर अडखळत चालत होती."

"थेंब नीट घेत होती?"

"आधी? देवा रे! पहिल्यापासून नुसता तमाशा. तोंड असं वेडंवाकडं करायची, थुंकायची, मग टिटवीसारखी ओरडायची. खालचा म्हातारा काठीनं छत ठोकायचा. वन्सं आल्या आणि काय जादू झाली कोण जाणे. मी एकदा दाराआडून पाहिलं, शहाण्या बाळासारखी प्याली. मला वाईटच वाटलं, खोटं कशाला बोलू? मला जे जमलं नाही, ते त्यांना दोन दिवसांत जमलं."

याच वेळी मागून भट्टीवाला ओरडला. "अगं ए! ही परात बघ, पीठ तसंच पडलंय गोळा होऊन!"

"खमीर कमी पडलं असेल," कोणी म्हणाले.

"कमी? दुप्पट घातलंय मी! मेलेलं खमीर आहे हे, कळलं? मेलेलं दुप्पट घाला नाहीतर चौपट घाला, पीठ फुगायचं नाही. फेकून द्या तो डबा!"

चिमटाबाई उभ्या होत्या तशाच उभ्या राहिल्या.

दुप्पट घातले, तरी उठत नाही.

संत्र्याचे औषध थुंकले, घरचे थेंब मात्र गटकन गिळले.

आत मुलीवर सगळ्यांचा पहारा होता, आणि चोरी तरीही चालूच होती. कारण ती चोरी आत काहीतरी आणण्याची नव्हतीच.

"हात धुवा," त्या म्हणाल्या. "ते थेंब कडू असतात?"

"कडू म्हणजे? भिजवताना बोट चाखलं तरी जीभ आखडते."

"कपाटात पुडी शिल्लक आहे?"

"आहे."

"चला. किल्ली घ्या. आणि आज तुम्ही माझ्याबरोबर वॉर्डात येणार आहात."

*

दुपार कलताना वॉर्डाशेजारच्या लहान खोलीत सगळे जमले. डॉक्टर, परिचारिका, बाप. आत्या खिडकीजवळ ताठ उभ्या. दाराशी आई, पिठाचे पांढरे ओरखडे कोपरापर्यंत.

"ही इथं कशाला?" आत्यांनी विचारले.

"मी आणलीय. डॉक्टर, ही पुडी उघडलेली नाही, पाहून घ्या. आता माझ्यासमोर भिजवा."

डॉक्टरांनी पूड भिजवली. चिमटाबाईंनी जुनी तपकिरी बाटली मात्र टेबलावर तशीच ठेवली, तिच्याविषयी अवाक्षर काढले नाही.

"झालं? आता सांगते. व्हॅलीन चढत नाही, म्हणून ही नवी ताजी बाटली. डॉक्टर, डोस तिप्पट करा आणि आत्ताच्या आत्ता नळीतून सोडा."

डॉक्टर गोंधळले. "तिप्पट? थेट..."

"किती द्यायचं ते तुमचं तुम्ही नंतर ठरवा. आत्ता बाटली उचला."

बाप बाकावर बसून होता. त्याने फक्त मान वर केली. आईने "द्या, लवकर द्या," म्हणून दारातली वाट मोकळी केली.

आणि आत्या मधे आल्या. दोन्ही हात पसरून, वॉर्डाच्या दारात. मुख्याध्यापिकेची ती ताठ मान, पण डोळ्यांत एखाद्या जनावराची भीती.

"खबरदार! तिला ते द्यायचं नाही! आधीच अर्धमेली झालीय पोर, आता वरून तिप्पट विष ओतताय?"

मग बाप हळूहळू उठला. लिफ्ट अखेर हलली होती.

"अक्का," तो म्हणाला, "हेच औषध इथं रोज चाललंय. परवा दुप्पट केलं, तेव्हा तू शेजारी उभी होतीस. तेव्हा नाही अडवलंस. आज का अडवतेस?"

आत्यांनी नजर वळवली, हात मात्र पसरलेलेच ठेवले.

"त्या बोलणार नाहीत, मीच सांगते," चिमटाबाई म्हणाल्या. त्यांनी जुन्या बाटलीचे झाकण काढले, तळहातावर थेंब घेतला, चाखला. मग नव्या बाटलीतला चाखला, आणि त्यांचे तोंड आपसूक वाकडे झाले. "हे व्हॅलीन. आणि हे जुनं, हे पाणी आहे. स्वच्छ, उकळलेलं, निर्दोष पाणी."

परिचारिकेने तोंडावर हात ठेवला.

"मलाही सकाळी बिस्किटांनी भुलवलंच होतं. आपण सगळे शोधत होतो, पोरीच्या पोटात काय गेलं. काय गेलं नाही, हे कोणी विचारलंच नाही. टिटवीनं तुम्हाला सगळं सांगितलं होतं, पण तिच्या भाषेत. गोड औषध ती थुंकते आणि कडू औषध मुकाट पिते, असं मूल जगात नसतं. मग एक तर मूल बदललं, किंवा औषध. शिस्त लागली म्हणून नव्हे, कडूपणा गेला म्हणून ती गप्प झाली. आणि डॉक्टर, तुम्ही दुप्पट केलंत तरी व्हॅलीन तळाला का, याचं उत्तर मला बेकरीत मिळालं. पाणी दुप्पट केलं तर दुप्पट पाणीच होतं."

"पण ल्युसीन?" डॉक्टरांचा स्वर बदलला होता, उत्तर त्यांना दिसू लागले होते.

"तुम्हीच सांगा. मी शिकलेली नाही यातलं."

डॉक्टर सावकाश बोलले, स्वतःलाच समजावल्यासारखे. "भिंत बांधायला ठरावीक विटा लागतात. एका जातीची वीट आलीच नाही, तर गवंडी थांबतो. मग बाकीच्या विटा दाराशी रचून राहतात. ल्युसीन बाहेरून आलीच नाही. ती वापरलीच गेली नाही, कारण व्हॅलीन नव्हती. उलट, ती एक वीट मिळवण्यासाठी शरीरानं आपल्याच भिंती पाडायला सुरुवात केली... स्नायू... आणि त्या पाडकामातून आणखी ल्युसीन." त्यांनी कपाळाला हात लावला. "केस, तोंडाच्या चिरा. तीही व्हॅलीनचीच भूक. आम्ही त्याला हयगय म्हणत होतो. मोजून दिलेल्या बटाट्या-भाजीतून थोडी मिळत होती, म्हणून ती आजवर तगली."

"बाटलीला हात लावू शकणारे घरात तिघं," चिमटाबाई पुढे म्हणाल्या. "भरणारी आई, देणारी आत्या, आणि मधे बाप. चव बदलली ती आत्याबाई आल्यावर. पण तो पुरावा होत नाही. म्हणून मी तिप्पटचं नाटक केलं. ज्यानं बाटलीत पाणी भरलं, फक्त त्यालाच ठाऊक होतं की पोरीला आजवर व्हॅलीन मिळालेलंच नाही. नव्या बाटलीचं भय फक्त त्यालाच वाटणार होतं."

आता आत्या बोलल्या. आवाज लहान झालेला, पण वाक्य अजून पूर्ण, व्याकरणशुद्ध.

"तीन शत्रू, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. आणि तेच नाव बाटलीवर. मी विचारलं, तर भावानं मधे पडू नकोस म्हटलं. मग मी विचारणं सोडलं आणि बाटली ओतून टाकली. दर आठवड्याला. त्यात पाणी भरलं. स्वतः उकळून, गाळून." त्यांनी सगळ्यांकडे पाहिले, वर्गाकडे पाहावे तसे, पण या वर्गात कोणी हात वर केला नाही. "पाणीच तर होतं. पाण्यानं कोणाचं काय बिघडतं?"

"उपासमारीनं मरणाऱ्यालाही कोणी विष घातलेलं नसतं," चिमटाबाई म्हणाल्या.

"ती खंगत चालली, तेव्हा मला वाटलं, मी एक वाट बंद केली तर ही दुसऱ्या वाटेनं देतेय. बिस्किटं सापडली, आणि माझी खात्री पटली."

"तुम्ही जन्मभर परीक्षेतली चोरी पकडलीत. त्या बिस्किटांतल्या एकावर तरी दाताची खूण पाहिलीत का?"

आत्यांची नजर खाली गेली.

"आणि डोस दुप्पट केला, त्या दिवशी?"

"बोलले असते, तर त्यांनी खरोखरचं व्हॅलीन दिलं असतं." त्यांनी डोळे मिटले. "मला तिला वाचवायचं होतं."

"हे मला ठाऊक आहे. भय त्याचंच आहे. आज संध्याकाळी ही मुलगी मी तुमच्या हवाली करणार होते. तुम्ही तिला जिवापाड जपलं असतंत. आणि तिला एक थेंबही मिळाला नसता." चिमटाबाईंनी नवी बाटली डॉक्टरांच्या हाती दिली. "बाटली ओतली ही तुमची चूक झाली. पण बाटलीबद्दल गप्प बसून दुसरीला दाराबाहेर काढलंत, त्याला मी चूक म्हणणार नाही. समितीपुढंही म्हणणार नाही."

आई नणंदेच्या समोर आली. सगळ्यांना वाटले, आता वीज कोसळणार.

"वन्सं," ती म्हणाली, "दारातून बाजूला व्हा. मला पोरीकडं जायचंय."

आत्यांचे पसरलेले हात खाली आले.

*

काही दिवसांनी चिमटाबाई इस्पितळाच्या जिन्यावर होत्या, तेव्हा वरून किंकाळी आली. तीक्ष्ण, संतप्त, मजले भेदणारी. खालच्या मजल्यावरच्या एका रुग्णाने पाण्याचा पेला सांडला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आत्या बसल्या होत्या. आत जायची परवानगी आता त्यांना नव्हती. तरी रोज येऊन बसतात, असे परिचारिकेने सांगितले होते. डबा आणत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. भाऊ समोरून जातो, थांबतो, जातो.

"तोंड वाकडं केलं असेल," आत्या पुटपुटल्या.

"केलं असेल," चिमटाबाई म्हणाल्या, आणि उभ्याच राहिल्या. शेजारी बसावे की नाही, हे त्यांना ठरवता आले नाही. त्यांनी अहवालात सारे लिहिले होते. पण या बाईला नेमके काय म्हणावे, ते त्यात कुठेच बसले नव्हते.

दार उघडले. आई बाहेर आली, अंगावर औषधाचा ओला डाग, हातात धुवायला घेतलेला चमचा. नणंदेला पाहून ती थांबली. चमच्याच्या खोलगटीत एक थेंब उरला होता.

तिने चमचा पुढे केला.

"घ्या. चाखून बघा."

आत्यांनी चमचा घेतला. ओठांना लावला. त्यांचे ते कडक, घडी न मोडणारे तोंड आकसले, वाकडे झाले. डोळ्यांत पाणी आले, आणि ते कडूपणाने आले असे म्हणायची सोय तरी झाली.

आई आत वळली. दार तिने लोटून घेतले. कडीचा आवाज मात्र आला नाही.